अंगठा दिला आहे, कळावे

खैरटोलीच्या ग्रामस्थांचं वाघापासून रक्षण व्हावं म्हणून जंगलखात्याच्या एका कार्यालयानं व्हॉट्सॲप गट स्थापन केला, आणि त्या दिवसापासून खैरटोली सुरक्षित झाली असं समजण्यात आलं. गटाचं नाव 'वाघ दक्षता गट'. गटाच्या चित्रातला वाघ इंटरनेटवरून घेतलेला होता, कारण गावाजवळचा वाघ फोटोसाठी थांबत नसे. गटात गावातली झाडून सारी फोनवाली माणसं होती, वनपरिक्षेत्र अधिकारी देवगडे साहेब होते आणि भागाचे नेते राजदीपभाऊही होते. राजदीपभाऊ नसलेला गट तालुक्यात काढायचा म्हटला तर तो त्यांच्या नकळत काढावा लागतो, आणि तसं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

गावाच्या शेवटच्या घरात अंजनाबाई राहत. घर, थोडं धान आणि नववीत शिकणारी नात रिना, एवढा त्यांचा पसारा. रिनाचे आईबाप कोरपन्याकडे सिमेंटच्या कामावर होते. रिना रोज सायकलनं पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं, डांबरी रस्त्यावर आणि तिथून शाळेत जात असे. पांदणीच्या दोन्ही बाजूंनी रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं माणसाच्या डोक्यावर गेलेली. फुलं रंगीत आणि सुंदर असतात, वास उग्र असतो, आणि आत वाघ बसला तर हातभर अंतरावरूनही दिसत नाही. वाघ बसू लागला होता. दोनदा त्याचे पंजे चिखलात उमटले, एकदा शेजारच्या सुकरीची शेळी गेली.

अंजनाबाईंनी फोनवर बोलून संदेश टाकला. नागभीडच्या मोबाईल दुकानदारानं, अयूबभाऊनं, त्यांना ते शिकवलं होतं. "पांदनीतल्या रायमुनियात वाघ बसून राह्यते. आमची पोट्टी तिथूनच शाळेत जाते. झुडपं कापून द्या साहेब." शेवटी जोडलेले हात टाकले. अंजनाबाईंच्या घरी कुठलीही गोष्ट जयभीम म्हणून सुरू होते आणि जयभीम म्हणून संपते, आणि फोनमध्ये त्यासाठी त्यांना तेवढंच चित्र सापडलं होतं.

देवगडे साहेबांनी त्याखाली अंगठा दिला.

"साहेबानं अंगठा देला," अंजनाबाईंनी साऱ्या आळीत सांगितलं. त्यांच्या घरात अंगठा ही हलकी गोष्ट नव्हती. त्यांच्या सासऱ्यांनी एकदा एका कागदावर, काय लिहिलंय ते न कळता अंगठा उठवला होता आणि तलावाखालचं वावर दुसऱ्याचं झालं होतं. अडाणी माणसाच्या अंगठ्यानं एवढं होतं, तर शिकलेल्या साहेबाच्या अंगठ्यानं दोन झुडपं कापली जाणार नाहीत काय, असा त्यांचा हिशेब होता. अंजनाबाई कोयतेवाल्या माणसांची वाट पाहत बसल्या. कुणी आलं नाही.

मग त्या अयूबभाऊच्या दुकानात गेल्या.

"बाई, अंगठ्याचे लई अर्थ हायेत," अयूबभाऊ एका फोनचं पोट उघडत म्हणाला. "मी गिऱ्हाइकाले अंगठा देला, तर तुमचा फोन झाला, घेऊन जा. गिऱ्हाइकानं मले अंगठा देला, तर येतो म्हंते पण येत नाई. माह्या बायकोनं, खातूननं, नुसता अंगठा पाठवला, तर समजायचं का आज घरी जेवण नाई."

"अन् साहेबाचा?"

"साहेबाचा म्हंजे साहेबाचा फोन चालू हाय."

पुढचा प्रसंग रिनावर ओढवला. सकाळी पांदणीच्या वळणावर तिला समोर रायमुनियातून वाघाचं तोंड दिसलं. ती सायकल धरून तशीच मागं मागं सरकत आली. अक्षरं टाइप करत बसायला वेळ नव्हता, म्हणून तिनं गटावर फक्त वाघाच्या तोंडाचं चिन्ह टाकलं. चूक तिची एवढीच, की तिनं दिवस पाहिला नाही. त्या दिवशी राजदीपभाऊंचा वाढदिवस होता. आमच्या जिल्ह्यात रानातल्या वाघाला जनावर म्हणतात आणि नेत्याला ढाण्या वाघ म्हणतात. पहाटेपासून गटावर वाघांची रीघ लागली होती. कुणी एक वाघ टाकला होता, कुणी पाच, आणि भाऊंच्या मेहुण्यानं तर मोजता येणार नाहीत इतके. रिनाचा वाघ त्या कळपात मिसळून गेला. देवगडे साहेबांनी शिस्तीत एकेका वाघाला अंगठा दिला, त्यात रिनाच्या वाघालाही दिला. राजदीपभाऊंचं तिला उत्तर आलं, "आपल्या शुभेच्छांनी भारावून गेलो." त्या वेळी रिना घराच्या दारात बसून रडत होती.

अंजनाबाई त्याच दिवशी कार्यालयात गेल्या.

"बाई, तुम्ही इथे कशाला आल्या?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही गटावर टाकलं. मी अंगठा दिला. आमच्या पद्धतीत अंगठा दिला की तक्रार निकाली निघते. तुमच्या दोन्ही तक्रारी निकाली आहेत."

"पन वाघ तिथंच हाय जी."

"वाघ निकाली काढायचे अधिकार आम्हाला नाहीत," साहेब म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी अंजनाबाईंना पाणी दिलं आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं. तक्रार निवारणात कार्यालयाचा पहिला क्रमांक आला होता. सगळा चमत्कार एका बोटाचा होता, आणि त्या बोटाला कुणी पांदणीत पाठवलं नव्हतं.

घरी येऊन अंजनाबाईंनी तिसरा संदेश बोलून टाकला. "साहेब, तुमाले जमत नसन तर उद्या आमीच कापून घेतो." खाली जोडलेले हात. साहेबांनी अंगठा दिला. साहेबांनी वाचलं की नाही, हा प्रश्न पुढे चौकशीत आला, आणि अंगठा देण्यासाठी वाचणं बंधनकारक नसल्याचं तिथं सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई, सुकरी आणि आळीतल्या बाया विळे-कुऱ्हाडी घेऊन पांदणीत उतरल्या. संध्याकाळपर्यंत पांदण या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी दिसू लागली. रिनानं फोटो काढून गटावर टाकला. त्यावर फुलांचे गुच्छ आले, टाळ्या आल्या, दंडाची बेटकुळी फुगवलेले हात आले. देवगडे साहेबांचा अंगठा आला. राजदीपभाऊंनी लिहिलं, "माझ्या प्रयत्नांना यश." रिना पुन्हा शाळेत जाऊ लागली, आणि जाताना शिट्टीसुद्धा वाजवू लागली.

ही शिट्टी फार दिवस टिकली असती तर कार्यालयाची अब्रू गेली असती. वरच्या कार्यालयातले एक मोठे साहेब त्या भागातून जाताना त्यांच्या नजरेला पांदण पडली आणि त्यांनी विचारलं, ही स्वच्छता कोणाच्या परवानगीनं झाली? या प्रश्नाचं उत्तर देण्याची जबाबदारी खाली खाली येत देवगडे साहेबांवर आली, आणि त्यांनी ती आणखी खाली ढकलली. खाली अंजनाबाई होत्या. वनक्षेत्रातील वनस्पतींची विनापरवाना तोड केल्याबद्दल त्यांना नोटीस आली. पुरावा म्हणून रिनानंच गटावर टाकलेला फोटो जोडला होता.

अंजनाबाईंनी गटावर विचारलं, "सुनावनीले माह्यासंग कोनी येता का?" प्रतिसाद अभूतपूर्व होता. बेटकुळ्या आल्या, मुठी आल्या, लाल हृदयं आली. एकानं लिहिलं, "बाई, सारं गाव तुमच्या पाठीशी हाय." सुनावणीच्या दिवशी अंजनाबाईंनी पाठीशी वळून पाहिलं तेव्हा तिथं रिना होती. सुकरीचं नाव नोटिशीत नव्हतं, आणि ते येऊ नये म्हणून ती घरीच राहिली होती.

सुनावणीपूर्वी कार्यालयानं एक अवघड काम पार पाडलं होतं. चित्रचिन्हांचा अर्थ निश्चित करण्यासाठी समिती नेमली होती. समितीनं चहापान करून निर्णय दिला, की चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, तो पाठवणाऱ्याच्या पदात असतो. अधिकाऱ्याचा अंगठा म्हणजे केवळ 'दृष्टीस पडले', त्यातून परवानगी, आश्वासन किंवा जबाबदारी यांपैकी काहीही उत्पन्न होत नाही. नागरिकाचा अंगठा म्हणजे पूर्ण संमती, ती मागे घेता येत नाही. अधिकाऱ्याचे जोडलेले हात म्हणजे विषय संपला. नागरिकाचे जोडलेले हात म्हणजे गुन्ह्याची कबुली. हसरा चेहरा फक्त लोकप्रतिनिधींनी वापरावा. नागरिकानं वापरल्यास तो शासकीय कामाचा उपहास धरला जाईल.

"तुम्ही प्रत्येक संदेशाखाली हात जोडलेले आहेत," चौकशी अधिकारी म्हणाले. "याचा अर्थ तुम्हाला पहिल्यापासून अपराधाची जाणीव होती."

"तो जयभीम हाय साहेब."

"समितीच्या यादीत तसा अर्थ नाही."

"अन् मी झाडं कापतो म्हनून सांगतलं, तवा साहेबानं अंगठा कायले देला?"

"ते दृष्टीस पडलं, एवढंच."

अंजनाबाईंनी पदर सावरला. "माह्या सासऱ्याच्या अंगठ्यानं आमचं वावर गेलं, साहेब. तवा कोनी नाई म्हटलं का बुढ्याच्या दृष्टीस पडलं एवढंच. अन् तुमच्या अंगठ्यानं एक झुडूप हालत नाई. असा कसा जी अंगठा तुमचा?"

हे बोलणं विषयाला सोडून असल्यामुळे नोंदवण्यात आलं नाही. वयाचा विचार करून अंजनाबाईंना दंड न करता सौम्य आदेश देण्यात आला. त्यांनी जेवढी झुडपं तोडली तेवढीच पुन्हा लावून द्यावीत आणि ती जगवावीत.

आता लावायला रायमुनिया कुठून आणायची, हा पेच होता, कारण ती कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नाही. परदेशातून आलेलं हे झुडूप जंगलाचं वाटोळं करतं म्हणून शेजारच्या परिक्षेत्रात त्याच महिन्यात रायमुनिया निर्मूलन मोहीम चालू होती. कार्यालयांत समन्वय नसतो असा आरोप नेहमी होतो. तो इथं खोटा ठरला. तिकडे उपटलेली झुडपं ट्रॅक्टरमध्ये भरून इकडे आणली गेली. एकीकडे निर्मूलनाचं उद्दिष्ट पूर्ण झालं, दुसरीकडे लागवडीचं. खरं तर तोवर पाऊस पडून जुन्या खोडांना कमरेइतके फुटवे आले होते आणि मागच्या अंगाला न तोडलेली झुडपं होतीच. रायमुनियाला कुणाच्या आदेशाची गरज लागत नाही. पण कार्यक्रम ठरला होता आणि मंडप आला होता.

लागवडीचा शुभारंभ राजदीपभाऊंच्या हस्ते झाला. "वाघ वाचला तर जंगल वाचेल," भाऊ म्हणाले, आणि लोकांनी त्यांच्याकडेच पाहून टाळ्या वाजवल्या. पांदणीत फोटो काढला. मध्ये भाऊ, बाजूला देवगडे साहेब, खाली वाकून खड्ड्यात झुडूप धरलेल्या अंजनाबाई. मागं गर्द हिरवळ. मंडप उठला, गाड्या गेल्या, आणि फोटो गटावर आला.

फोटोवर इतके अंगठे आले, की राजदीपभाऊंच्या वाढदिवसाचा उच्चांक मोडला. टाळ्या, गुच्छ, झाडाची चित्रं, वाघाची चित्रं. शाळेच्या गुरुजींनीही अंगठा दिला. फोटो मोठा करून पाहण्याचं काम फक्त रिनानं केलं, आणि तेही आजी फोटोत कशी आली आहे ते पाहायला.

"आजी," ती म्हणाली, "तुह्या मांगं पाह्य."

अंजनाबाईंच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, रायमुनियाच्या पानांतून दोन डोळे आणि कपाळावरचे पट्टे स्पष्ट दिसत होते. वाघ कॅमेऱ्याकडे बघत होता. साऱ्या फोटोत कॅमेऱ्याकडे नीट बघणारा तो एकटाच होता.

आपण ज्याच्या तोंडापुढं वाकून खड्डा भरत होतो, त्यालाच घर बांधून देत होतो, हे अंजनाबाईंना कळलं आणि संतापानं डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फोन उचलला. "फोटोत मांगं वाघ हाय, नीट पाहा. झुडपं तुमीच लावाले लावली. आता उद्या पोट्टीले शाळेत पाठवू का नको, तेवढं कोनीतरी सांगा." या वेळी त्यांनी खाली हात जोडले नाहीत.

उत्तरं लगेच यायला लागली. पहिला अंगठा देवगडे साहेबांचा होता. मग राजदीपभाऊंचा, मग त्यांच्या मेहुण्याचा, मग सुकरीचा, मग गुरुजींचा. पाहता पाहता अंगठेच अंगठे झाले. कुणी 'पाठवा' म्हणालं नाही, कुणी 'नको' म्हणालं नाही. रिनाची परीक्षा जवळ आली होती.

अंजनाबाईंचा तो प्रश्न नंतर पुष्कळ गटांत फिरला. तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. तुम्ही दयाळू आहात, तुम्ही त्याखाली काही ना काही दिलंच असणार आणि पुढच्या संदेशाकडे वळला असाल. तर तुमचा अंगठा 'पाठवा' म्हणणारा होता की 'नको' म्हणणारा, एवढं कृपया लवकर कळवा. रिना दप्तर घेऊन अंगणात सायकलजवळ उभी आहे, आणि शाळा साडेदहाला भरते.