मटकीबरोबर जाणारं सामान

आमची मटकी ज्या वस्तूमागे लपते, ती वस्तूही तिच्यासोबत दिसेनाशी होते. मुजावरबाईंनी हे मांजर देतानाच सांगितलं होतं, त्यामुळे आमची फसवणूक झाली असं कुणाला म्हणता येणार नाही. मुजावरबाई रत्नागिरीत टाकून दिलेली मांजरं सांभाळतात आणि घर बघून देतात.

"फार लाजाळू आहे," त्या म्हणाल्या. "माणसांनी त्रास दिलाय तिला. सामान जाईल, पण जागच्या जागीच असतं. हात लावला की लागतं."

"मग काही हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या.

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. मेंदी नखांवर अजून शिल्लक होती आणि मी घरात भिंतीच्या कडेकडेनं चालत असे. मटकीही तशीच चालायची. रंगानं ती मोड आलेल्या मटकीसारखी होती, म्हणून ते नाव.

पहिल्या दिवशी शोकेस गेलं, आहेरात आलेल्या सगळ्या घड्याळांसकट. त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. मग टीपॉय गेलं आणि माझ्या नवऱ्याच्या, हेरंबच्या पायाची करंगळी सुजली. तेव्हापासून आम्ही न दिसणाऱ्या वस्तूंवर टॉवेल टाकायला लागलो. हवेत तरंगणारा टॉवेल दिसला की वळसा घालायचा.

"कुणी आलं की टॉवेल काढत जा रे," सासूबाई म्हणायच्या. "बरं दिसत नाही."

त्यांनी मटकीचं करण्यात कसलीच कसूर ठेवली नाही. रोज जेवायच्या वेळी त्या रिकाम्या दिसणाऱ्या कोपऱ्यासमोर बशी ठेवून बसायच्या. "घे हो. लाजू नकोस. आपलंच घर समज. अजून एक मांदेली वाढू का?"

त्यावर फ्रिज गेला.

मग त्या माझ्याकडे वळायच्या. "शाल्मली, तूही घे हो. लाजू नकोस. आपलंच घर समज."

"नको आई, पुरे," मी म्हणायचे आणि उपाशी उठायचे. दुपारी सगळे आडवे झाले की मी डब्यातला लाडू काढून ओट्याखाली बसून खायचे. तिथेच मटकी भेटायची. ती मला काही म्हणत नसे, मीही तिला काही म्हणत नसे. लाडूचा एक तुकडा मी जमिनीवर ठेवायचे. ती तो हुंगायची आणि तसाच ठेवायची, पण बसायची मला टेकून. अख्ख्या घरात तेवढीच मला ओळखीची वाटायची.

मुजावरबाईंचा फोन आला. "रविवारी येते. मांजर रुळलेली दिसली पाहिजे. नसेल, तर परत न्यावी लागते. आणि तिच्याबरोबर जे दिसत नसेल तेही. मागे ठेवलं तर ते कायमचं तसंच राहतं."

"फ्रिजसुद्धा?" हेरंबनं विचारलं.

"टेम्पो घेऊन येते ना."

फ्रिजचं मला काही नव्हतं. मटकी गेली असती तर दुपारी मी ओट्याखाली कुणाशी गप्प बसणार होते?

रविवारी सकाळी सासूबाईंनी शिरा केला. मी स्वयंपाकघरात लसूण घेऊन बसले होते. मटकी आली आणि माझ्या पाठीशी अंग चोरून बसली. सासूबाईंनी कढईतून मान वर केली. बशी पुढे सरकवत त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "दोघीही घ्या हो थोडा. लाजू नका. आपलंच घर समजा."

मी खाली पाहिलं तर मला मांडी नव्हती. हातात लसूण होता असं वाटत होतं, पण तोही दिसत नव्हता.

तेवढ्यात मुजावरबाई आल्या. घरभर फिरून त्यांनी टॉवेल पाहिले. "वाढलंय," त्या म्हणाल्या. "सूनबाई कुठे आहेत?"

"मी इथेच आहे," मी म्हणाले.

त्यांनी आवाजाच्या दिशेनं पाहून सहानुभूतीनं मान हलवली. "मग त्यांनाही न्यावं लागेल."

"सून सामानात धरतात?" सासूबाईंनी विचारलं.

"सामानात नाही. न दिसणाऱ्यांत."

"मग मीही बसतो टेम्पोत," हेरंब म्हणाला.

"तुम्हाला नाही येता येणार. तुम्ही दिसताय."

हेरंबनं लगेच सोफ्यामागे लपून पाहिलं. त्याचं डोकं दिसत राहिलं.

सासूबाईंचे डोळे भरले. सुनेला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी घाईनं आत येऊन शिऱ्याचा डबा भरला आणि वळताना त्या मला अडखळल्या. डबा उडाला. शिरा माझ्या डोक्यावर पडला.

"अगं शाल्मले, वाटेत काय फतकल मारून बसलीस! मोडला असता ना गुडघा माझा. किती वेळ तो एक लसूण सोलतेस? ऊठ, फडकं घे. आणि त्या मांजरीला सांग, पायात यायचं असेल तर शेपटी आवरून ये. पसारा करायला सगळे, निस्तरायला मी एकटी. काय धर्मशाळा आहे का ही?"

असं आमच्याशी त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं.

आधी माझे गुडघे दिसायला लागले, मग साडी, मग शिरा. मटकी माझ्या पाठीमागून निघाली, सगळ्यांच्या देखत जमिनीवरचा शिरा हुंगून तिनं नाक मुरडलं आणि सासूबाईंच्या पायावर बसली. फ्रिज घरघरत परत आला. बाहेर शोकेसमधली घड्याळं एकाच वेळी ठोके द्यायला लागली, प्रत्येक आपापल्या वेळेचे.

"ही नावं ठेवतेय माझ्या शिऱ्याला," सासूबाई म्हणाल्या.

"रुळली," मुजावरबाई म्हणाल्या आणि खिडकीतून त्यांनी टेम्पोवाल्याला जायची खूण केली.

जेवायला सगळे टेबलाशी बसलो. मी न विचारता तिसरी पोळी घेतली. मटकी खिडकीत, रस्त्यावरूनही दिसेल अशी, पंजा चाटत बसली होती. सासूबाई वाटी घेऊन मुजावरबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"घ्या हो अजून. लाजू नका. आपलंच घर समजा."

"नको, पुरे," मुजावरबाई म्हणाल्या. त्या कोपरापर्यंत दिसेनाशा झाल्या होत्या.

मी पोळी खाली ठेवली आणि उरलेला लसूण त्यांच्यापुढे सरकवला.

"बाई," मी म्हणाले, "बसल्या बसल्या एवढा सोलून टाका."