हर्षालीचा रोगिशनेस

समजा, सरांनी तुमच्या डायरीत इंग्रजी शेरा लिहिला आणि घरी तो आधी आजीने वाचला. काय होईल? सिडकोतल्या हर्षालीचं काय झालं ते ऐका.

आहेर सरांना जुने इंग्रजी शब्द फार प्रिय. हर्षालीने त्यांच्या खडूच्या डबीत मुरमुरे भरले, तेव्हा त्यांनी हसत लिहिलं, ‘रोगिशनेस इज इन्क्रीजिंग डेली.’ रोगिशनेस म्हणजे खट्याळपणा, हेही वर्गाला समजावलं.

घरी मंगलाबाई आजीने चष्मा लावून अक्षरं जुळवली. “आर, ओ, जी... रोग. आशा, पोरीला रोग हाय. अन् तो डेली वाढतोय.”

“मोबाईलवर बघू का?” आई म्हणाली.

“नको. मोबाईलवर रोग बघितला की माणूस वाचतच नाय.”

हर्षाली खरं सांगणारच होती. पण तेवढ्यात अभ्यास बंद झाला, पाठीला उशी आली, वाटीत द्राक्षं आली. उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची चैताली तोंडाला रुमाल बांधून दारातूनच “बरी हो” म्हणून पळाली. तिसऱ्या दिवशी आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि आईने येवल्याला मामाला फोन लावला. “दादा, हर्षाली संक्रांतीला येत नाही. पतंग तुम्हीच उडवा.”

हर्षाली ताडकन उठून बसली. त्या पतंगांसाठी ती वर्षभर दिवस मोजत होती.

“आई, मला काही झालं नाही. रोगिशनेस म्हणजे खोडकरपणा.”

आजीने कपाळाला हात लावला. “डोक्यात गेला गं रोग.”

“खरंच. मी सरांच्या खडूच्या डबीत मुरमुरे भरले होते.”

“बघ, बरळायला लागली.”

शेवटी आईने सरांनाच बोलावलं. सर गडबडून म्हणाले, “अहो, रोग कसला? कौतुकाने लिहिलं मी. पोरगी खट्याळ आहे, एवढंच.”

“मग मराठीत लिहाया तुमच्या पेनाला लकवा झाला व्हता का?” आजीने विचारलं.

आईचा जीव भांड्यात पडला. मामाला कळवायला तिने फोन उचलला, तेवढ्यात सर म्हणाले, “पण अर्थ तर मी फळ्यावर लिहून दिला होता. ही पहिल्याच बाकावर होती.”

आईचा हात थांबला. “हर्षे, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

हर्षालीने तिघांकडे पाहिलं. मग उशाशी पडलेला थर्मामीटर उचलून जिभेखाली ठेवला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.