नानांची फळी

थोर संस्कृती नद्यांच्या काठी जन्माला येतात. नगरपालिकेतलं नेतृत्व नाल्याच्या काठी जन्माला येतं. नदी ओलांडायला नावाडी लागतो, तो पैसे घेतो आणि विषय मिटतो. नाल्याला एक फळी आणि एक हात पुरतो. त्या हाताचे उपकार मात्र फिटता फिटत नाहीत.

नाना तेव्हा छत्र्या दुरुस्त करत. दुकान नाल्याच्या अलीकडे, बाजार पलीकडे आणि मध्ये ती फळी. फळी एका टोकाला उचललेली होती. (दुसऱ्या टोकाला तेवढीच खचलेली असल्यामुळे ती सरासरीने सपाट होती.) एका सकाळी शिंपिणीची सासू मधोमध येऊन थबकली. फळी लपलपली, म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. नानांनी हातातली छत्री टाकली आणि हात पुढे केला.

"खाली बघू नको आजी. माझ्याकडे बघ."

हेच वाक्य पुढे, योग्य तो आदर घालून, प्रत्येक निवडणुकीत भिंतीभिंतीवर रंगवलं गेलं : खाली बघू नका, माझ्याकडे बघा.

दुसऱ्या दिवशी म्हातारी मैत्रिणीला घेऊन आली. मग नानांना दुकानात बसवेना. कुणाला कसं धरायचं याचं त्यांनी शास्त्रच बसवलं : म्हाताऱ्यांना कोपराखाली आधार, बायकांची आधी पिशवी आणि मग बोटं, पोरांना बखोटीला आणि विरोधकांना फक्त दोन बोटं. बाया भाजी घेऊन येताना गुणगुणू लागल्या :

नाला काळा काळा बाई, फळी डुलते डुलते,
नानाच्या हातावर माझी पिशवी तोलते.

ज्याच्या हाताला गावाची पिशवी लागते त्याला गाव खाली ठेवत नाही. नाना नगरसेवक झाले, बांधकाम समितीचे सभापती झाले आणि यथावकाश नगराध्यक्ष झाले. पण माणूस मातीला विसरला नाही. सकाळी गाडी नाल्याशी थांबे, चालक इंजिन सुरूच ठेवी आणि नाना हात देत उभे राहत.

पुलाकडे त्यांचं दुर्लक्ष होतं असं कुणी म्हणू नये. पूल बांधण्याचा ठराव ते दरवर्षी स्वतः मांडत आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर होई. मग उपसमिती दोन्ही काठांची पाहणी करायला निघे. पलीकडच्या काठाची पाहणी मात्र राहून जाई. (फळी धोकादायक असल्याचा उपसमितीचाच अहवाल होता.)

सगळं असं सुरळीत चाललं असताना निवडणुकीच्या तोंडावर नाना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात गेले. त्याच सुमारास नगरपालिकेत एक नवा इंजिनियर आला. त्याने ठराव वाचला आणि त्याचा अर्थ 'पूल बांधा' असा लावला. (असा अर्थ याआधी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता.)

नाना परतले तेव्हा पूल उभा होता. रुंद, सपाट, दोन्ही बाजूंना कठडे आणि वर दिवा. इंजिनियर लग्नघरातल्या यजमानासारखा धावत आला.

"साहेब, तुमचा ठराव!"

"वा," नाना म्हणाले. "घाई केलीत."

घरी जेवताना नानी ताकाचं भांडं पुढे सारत म्हणाल्या, "अहो, छत्र्यांची अवजारं माळ्यावर आहेत. काढू का?"

दुसऱ्या सकाळी नाना सवयीने पुलाच्या तोंडाशी उभे राहिले. माणसं दोन्ही हात मोकळे सोडून भराभरा निघून जात होती. "बरंय ना नाना?" म्हणत, पण थांबत कुणी नव्हतं. नानांचा उजवा हात खिशात गेला, बाहेर आला, उगाच कान खाजवून पुन्हा खिशात गेला. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा असलेला उमेदवार, म्हणजे पिठाच्या गिरणीचा मालक, जाता जाता म्हणाला, "नाना, आता हाताला जरा विश्रांती द्या. मतं आमच्याकडे द्या." नानांना पराभव इतका स्वच्छ दिसला की त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात शिंपिणीची सासू आली. कमरेत पार वाकलेली, हातात काठी. पुलावर एक पाय ठेवला आणि थबकली.

"हात दे रे."

"आजी, आता पूल झालाय."

"दिसतंय की मला. आंधळी नाही झाले अजून. हात दे."

नानांनी हात दिला. म्हातारी त्या दगडी सपाटीवर एकेक पाऊल जपून टाकत, मध्येच झोक सावरत, नानांच्या तोंडाकडे बघत पार झाली. मागे सून उभी होती. "आम्ही काय परके का नाना?" तिने पिशवी पुढे केली. तिच्या मागे कासार, त्याच्या मागे शाळेच्या बाई. बघता बघता रांग लागली. पूल तसा रिकामाच होता. सगळे नानांच्या बाजूने जात होते.

पण लोकांच्या मनासारखं होईना. आठवड्याअखेर नागरिकांचं शिष्टमंडळ नगरपालिकेत आलं. तक्रार एकच : पूल हलत नाही. इंजिनियरला खुलासा मागवण्यात आला. तो समाधानकारक नसल्यामुळे त्याची बदली करण्यात आली. (बढतीवर.) मग लोकांनीच हौसेने, वर्गणी काढून, जुनी फळी धुऊनपुसून पुलाच्या मधोमध दोन विटांवर ठेवली. ती पहिल्यासारखी लपलपली तेव्हा बायांना गाणं आठवलं आणि गिरणीवाल्याला आपला निकाल कळला. मतदानाच्या दिवशी तोही रांगेत उभा होता. नानांनी त्याला दोन बोटं दिली.

वाचक इथे हसतो. हसू दे. पुस्तक धरायला एक हात पुरतो. दुसरा कुणी धरलाय ते त्याने सावकाश बघावं. फक्त खाली बघू नये.

खाली पूल आहे.