ओव्हनमधले वायपर

“असा रंग देतो, की गाडी भंगारात जाईल पण रंग जाणार नाही!” अण्णांनी कंबर कसून जाहीर केलं. ऐकायला घरात कुणीच नव्हतं. बायको जाऊन चार महिने झाले होते, पण घोषणा करायची सवय काही तिच्याबरोबर गेली नव्हती.

गाडी तिची. चालवायचीही तीच. अण्णांनी जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. शेजारी बसून ते रस्ता सांगत, आणि ती मुकाट्याने बरोबर उलटीकडे वळून वेळेवर पोचत असे! आता गाडी फाटकाशी उभी होती आणि गंज तिला वाळवीसारखा खात होता. ती चकाचक करून लेकीच्या हवाली करायची, असं अण्णांनी मनाशी पक्कं केलं.

रंगाच्या दुकानदाराने सांगितलं, “जुना रंग पार सोलायचा, बंदुकीने पावडर मारायची, मग भट्टीत भाजायचं. भट्टी नसेल तर इथे आणून द्या.”

“भट्टी आहे!” अण्णा ताठ्याने म्हणाले. भट्टी म्हणजे बायकोचा केक भाजायचा ओव्हन.

आधी वायपरचे हात, दारांच्या कड्या आणि आरशाची दांडी सुटी करून त्यांनी कॉस्टिक सोड्याच्या बादलीत बुडवली. लोखंडाने निमूटपणे रंग सोडला. दांडी मात्र ॲल्युमिनियमची निघाली. ती अशी फसफसली, की अण्णा न्हाणीघराबाहेर पळाले! परत येऊन बघतात तो दांडीची काडी झालेली.

“राहू दे. एवीतेवी गाडी चालवताना ती आरशात बघतच नव्हती,” अण्णांनी स्वतःची समजूत घातली. मग जरा वेळ बादलीजवळच बसून राहिले.

पावडरीवर धूळ बसायला नको. म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्या लावल्या. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. तोंडाला मास्क, हाताला रबरी मोजे, डोक्याला बायकोची अंघोळीची टोपी. दुकानातून आणलेल्या बंदुकीने पावडर मारून झाली, वायपर ओव्हनमध्ये गेले आणि घरभर असा वास सुटला, जणू कुणी टायरची भजी तळतंय!

वास शेजारच्या कंपाउंडरपर्यंत पोचला. त्याने दार ठोठावलं. उघडेना.

“अण्णा! आत काय करताय?”

“संपवतोय!” मास्कमधून घुसमटलेला आवाज आला. “शेवटचंच राहिलंय!”

कंपाउंडर दोन्ही मुठींनी दार बडवू लागला. “दार उघडा आधी!”

“आत्ता नाही! बंदुकीचं काम झालं, आता नुसतं भाजायचं! एवढं उरकलं की लेकीच्या हवाली करतो आणि मी मोकळा!”

कंपाउंडरने एका फोनवर लेकीला आणि दुसऱ्यावर अग्निशमन दलाला बोलावलं. भोंगा वाजवत बंब आला. जवानांनी कुऱ्हाडीने दार फोडलं आणि थेट पाण्याचा फवारा सोडला! पावडरीचा डबा उडाला. जवान, कंपाउंडर आणि अण्णा, सगळे नखशिखान्त लालभडक झाले. अंघोळीची टोपी घालून, चिमट्यात वायपर धरून अण्णा मधोमध उभे.

“अहो, मी रंग देत होतो!” ते ओरडले.

तेवढ्यात लेक आली. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायाची रस्त्यात कुठेतरी राहिली होती. तिने बापाकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच बसकण मारली.

बंब गेला. कंपाउंडर दहादा माफी मागून, लाल पावलं उमटवत घरी गेला. लेक ओल्या फडक्याने अण्णांचा चेहरा पुसू लागली.

“बाबा, खरं सांगा. तसं काही मनात नव्हतं ना?”

अण्णांनी हातातला वायपर हळूच खाली ठेवला.

“आज नव्हतं,” ते म्हणाले.

फडकं तिच्या हातातच थांबलं. मग ती ते पिळून पुन्हा पुसायला लागली. कान, मान, कानामागे. लहान मुलाचं पुसावं तसं.

“आणि गाडी मला नकोय हो. आईच्या त्या सीटवर बसायला मला नाही जमायचं.”

“मग मला सांगायचंस.”

“तुम्ही तरी कुठे काय सांगता?”

दाराच्या जागी उरलेल्या भगदाडातून वारा आत येत होता. अशा उघड्या घरात बापाला टाकून जायला लेक काही तयार नव्हती. “दार बसेपर्यंत मी इथेच,” असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

अण्णांनी सुताराला फोन लावला. सुतार बिचारा तत्पर. “येतो ना, अर्ध्या तासात पोचतो!”

“छे, छे!” अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. “लाकूड चांगलं निवडा. बिजागऱ्या बघा. पॉलिश वाळू द्या. काही घाई नाही.”

“कोण होतं, बाबा?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“सुतार गं,” अण्णा म्हणाले. “फार कामात आहे म्हणतो. पंधरा दिवस तरी जमायचं नाही.”