प्रिबिलबाईंचा फोनचा नियम

प्रिबिलबाईंनी पहिल्या दिवशी लेखनवर्गाचे नियम वाचायला घेतले, ते तास संपेपर्यंत संपले नाहीत. उशिरा आलेल्याने दार वाजवू नये, कारण ते उघडणार नाही. निबंध चार पानांचा म्हणजे चार पानांचा. अक्षरं फुगवून केलेली चार पानं बाईंना लांबून ओळखू येतात. दुसऱ्याचं लिखाण त्याच्या परवानगीशिवाय मोठ्याने वाचायचं नाही. रजेसाठी आजी दर सत्रात एकदाच वारू शकते.

"आणि फोन," बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "तासाला वाजला तर तो मी घेणार. दुसऱ्यांदा वाजला तर वर्गातून नाव कमी. कुणाला शंका?"

मागच्या बाकावरून एक हात वर गेला. तो अर्विड हॉलस्ट्रॉमचा होता. वय एकसष्ट. टॅमरॅक फॉल्स गावात घरोघर गॅसचा टँकर नेण्यात त्याचा जन्म गेला होता आणि आता तो निवृत्त होता.

"बाई, माझी मुलगी अलास्कात मासेमारीच्या बोटीवर असते. बोट बंदराला लागली की मंगळवारी सकाळी फोन करते. बंदरावर ज्याचा मिळेल त्याच्या फोनवरून. मग पुन्हा आठवडाभर समुद्रात."

"आपला तास मंगळवारी सकाळीच आहे," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी."

"मीही तेच म्हणतेय, मिस्टर हॉलस्ट्रॉम."

अर्विड गप्प बसला. गप्प बसणं त्याला चांगलं जमायचं. बायको मार्लिस होती तोवर घरातलं बोलणं तिच्या खात्यात होतं. मुलीचा, सिग्रिडचा फोन आला की अर्विड म्हणायचा, "बरी आहेस ना? थांब, आईला देतो." तीन वर्षांपूर्वी मार्लिस गेली आणि फोन द्यायला कुणी उरलं नाही. तेव्हापासून बापलेक हवेवर बोलत. तिथे थंडी, इथे थंडी, बरंय, ठेवतो. ठेवल्यावर मात्र अर्विड फोन हातात धरून तसाच उभा राहायचा. सांगायचं पुष्कळ असायचं, पण ते तोंडापर्यंत येईतो मुलगी समुद्रात गेलेली असायची. लिहायला शिकलं तर बोलणंही सुटेल, या एका आशेवर त्याने वर्गात नाव घातलं होतं. पहिलाच निबंध आला, 'ज्याची आठवण येते असा माणूस'. अर्विडने चार पानांऐवजी चार वाक्यं दिली. बाईंनी खाली लाल शाईत लिहिलं, 'बाकीचं कुठे आहे?'

फोन बंद करायची त्याची छाती होईना. त्याने एक युक्ती केली. फोनचा आवाज बंद करून तो लोकरी मोज्यात, घोट्याशी खोचला आणि वर बर्फात घालायचा बूट चढवला. घोटा थरथरला की पोट दुखतंय म्हणून बाहेर पळायचं. युक्ती उत्तम होती. फक्त बूट चढवताना फोनचं बाजूचं बटण दाबलं गेलं आणि आवाज शेवटच्या पायरीवर गेला.

बाई विरामचिन्हांवर बोलत असताना अर्विडच्या बुटात लून, त्याच्या फोनच्या रिंगमधला पाणपक्षी, ओरडला. तो तळ्यावर ओरडतो तेव्हा गोड वाटतो. बुटातून तो गळा दाबल्यासारखा आला. अर्विडने पाय आपटला. पक्षी थांबेना. त्याने दुसरा पाय पहिल्यावर ठेवला. मग खाली वाकून नाड्या सोडायला गेला तर निरगाठ बसली. सगळा वर्ग उठून बघायला लागला.

बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला. बूट निघाला, मोजा निघाला, मोज्यातून फोन निघाला. बाईंनी तो रुमालात धरून कानाला लावला.

"प्रिबिल बोलतेय. तुमचे वडील तासाला बसलेत."

"तासाला? कसल्या तासाला?" पलीकडचा आवाज वर्गभर ऐकू येत होता. "गाडी ठोकली का त्यांनी? पोलिसांनी पाठवलंय का?"

"लेखनाचा वर्ग आहे."

"माझे बाबा? लेखन?"

"चार पानं सांगितली तर चार वाक्यं लिहितात."

"चार? नशीबवान आहात. मला दोनच मिळतात."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "तास सुटेपर्यंत त्यांना फोन देता येणार नाही. काही निरोप?"

"तोवर बोट सुटेल हो. बरं… ते कसे आहेत, एवढं विचारा."

बाईंनी अर्विडकडे पाहिलं. एक पाय उघडा, हातात मोजा, आणि वीस तोंडं त्याच्याकडे वळलेली.

"सांगा," तो म्हणाला, "इथे थंडी आहे."

"ते म्हणतात, इथे थंडी आहे."

"इथेही आहे म्हणावं."

"ती म्हणते, तिथेही आहे." बाईंनी फोन कानापासून दूर धरला. "झालं?"

"झालं," अर्विड म्हणाला.

पुढचा आठवडा त्याने खिडकीशी काढला. फोन बंद ठेवला तर मुलगी हुकणार, चालू ठेवला तर वर्ग जाणार. सोमवारी संध्याकाळी त्याने रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या केल्या. तीस वर्षं मार्लिसला करताना पाहिलेलं होतं, तरी खालून थोड्या करपल्याच. मंगळवारी त्याने वड्यांचा डबा बाईंच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"निरोपाच्या. आज माझं नाव जाणार," अर्विड म्हणाला आणि आपल्या बाकावर जाऊन फोन उघडउघड समोर मांडून बसला.

तास सुरू झाला, पण विरामचिन्हांत कुणाचं लक्ष नव्हतं. जो तो फोनकडे बघत होता. अर्ध्या तासाने लून ओरडला. नंबर अनोळखी होता, आणि मंगळवारी सकाळी अनोळखी नंबर एकीचाच असायचा.

बाईंनी हात पुढे केला. अर्विडने आयुष्यात पहिल्यांदा राजरोस नियम मोडला. फोन उचलला, भिंतीकडे तोंड केलं आणि सुटला.

"ठेवू नकोस. मधे बोलू नकोस. बाई घेतील त्याच्या आत सांगतो. आई गेल्यापासून मी तुला हवाच सांगतो. माझ्याकडे दुसरं काही नाही असं तुला वाटत असेल. आहे. तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरायला जातो ना, तर अजूनही दोन भोकं पाडतो. तुझं आणि माझं. तुझ्या भोकाशी उलटी बादली ठेवतो, बसायला. मागच्या महिन्यात तुझ्याच गळाला वॉलआय मासा लागला. हातभर! आणि दाखवायला कुणी नाही. मी त्या बादलीला दाखवला. सोडून दिला मग. एकट्याने काय खायचा? मला तुझ्याकडे यायचंय. बोलावशील? नाही बोलावलंस तरी चालेल… नाही. खोटं कशाला बोलू, चालणार नाही."

त्याचा श्वास संपला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सर…"

"सर?" अर्विड दचकला.

"मी हॅल्व्हर्सन डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलतेय. दातांच्या. गुरुवारी तुमची दाढ काढायची आहे, त्याची आठवण करून द्यायची होती." पुन्हा नाक ओढलं गेलं. "पण तुम्ही जा हो मुलीकडे. मी तुमची दाढ पुढे ढकलते. आणि आता ठेवते, मला माझ्या वडिलांना फोन करायचाय."

अर्विडने फोन खाली ठेवला. मग डबा तिथेच सोडून टोपी आणि कोट उचलला आणि दाराकडे निघाला.

"मिस्टर हॉलस्ट्रॉम." बाई चष्मा पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसत होत्या. "हे सगळं शुक्रवारपर्यंत कागदावर हवं. चार पानं. उशीर झाला तर दर दिवशी दहा गुण कापीन."

"म्हणजे मी वर्गात आहे?"

"वर्गात नसलेल्यांचे गुण मला कापता येत नाहीत. बसा."

मग बाईंनी एक वडी उचलून खाल्ली, खालची करपलेली बाजूसुद्धा.

दुपारी अर्विड घरी बूट काढत होता तेव्हा फोन वाजला. या वेळी त्याने आधी ऐकून घेतलं.

"बाबा, तास सुटला ना? तुझ्या त्या बाई ओरडतील म्हणून मुद्दाम थांबले. आज बोट उशिरा सुटतेय. बोल, कसा आहेस?"

अर्विडने तोंड उघडलं. सकाळचं सगळं दातांच्या दवाखान्यात खर्च होऊन गेलं होतं. एक शब्द सापडेना.

"इथे थंडी आहे," तो म्हणाला.

"हं," सिग्रिड म्हणाली. "इथेही आहे."

तिच्या मागे कुणीतरी दोरखंड ओढत होतं, पाणी फळ्यांवर आपटत होतं. ती आता 'ठेवते' म्हणणार, हे अर्विडला कळलं.

"सिग्रिड, बंदरावरच्या तुझ्या खोलीत जादाचा पलंग आहे का गं?"

"पलंग कुठला? खाली गादी टाकावी लागेल. का?"

"गादी चालेल."

"अरे, पण का बाबा? काय झालं?"

"सांगतो," अर्विड म्हणाला. "जरा लांबलचक आहे." आणि त्याने खुर्ची ओढली.