स्वतःच्याच दाराची बेल

रेगे मावशी स्वतःच्या घरात शिरताना आधी बेल वाजवतात. घरात कोणी नसतं. त्या एकट्याच राहतात हे आमच्या अख्ख्या इमारतीला माहीत आहे, आणि त्यांना तर असणारच. तरीही बाहेरून आल्या की पिशवी खाली ठेवायची, मफलर सारखा करायचा, बेल दाबायची आणि दाराशी कान नेऊन थांबायचं. आतून कोणी येत नाही. मग गळ्यातली किल्ली बाहेर निघते.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फमधल्या या घरात आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी मी हे पाहिलं. शेजारच्याच दाराशी चाललेलं, त्यामुळे न पाहता राहणं शक्यच नव्हतं.

"आत कोणी आहे का, मावशी?" मी जरा भीतच विचारलं.

"कोणी नाही गं. पण रिकाम्या घरात असं एकदम शिरू नये. घर ओशाळतं. गेनाऊ."

हे 'गेनाऊ' म्हणजे आपलं 'अगदी बरोबर'. जर्मन माणसं ते दुसऱ्याच्या बोलण्यावर म्हणतात. मावशी स्वतःच्याच बोलण्यावर म्हणतात आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःशी सहमत होऊन मोकळ्या होतात.

त्यांचे यजमान इंजिनिअर. तरुणपणी नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. ते जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कॅनडात असतो. मावशी आठवड्याच्या बाजारात प्रत्येक फळ नाकाशी धरून डोळे मिटतात, आणि त्या डोळे उघडेपर्यंत विक्रेता बिचारा दुसरं गिऱ्हाईक घेत नाही. दुसऱ्या कुणाच्या दाराची बेल मात्र त्यांनी कधी वाजवली नाही. "तिथे माणसं असतात. उगाच कशाला उठवायचं?"

माझ्या मुलीला, सईला, त्यांची भीती वाटायची. तिच्या खोलीची भिंत मावशींच्या घराला लागून आहे. संध्याकाळी बेल वाजायची, किल्ली फिरायची, आणि मग भिंतीपलीकडून आवाज यायचा, "आले हं. फार उशीर झाला का?" पुढे काहीच नाही. उत्तरासाठी कोणी थांबावं तेवढी शांतता, आणि मग चपला काढल्याचा आवाज. सईला मराठी सगळं समजतं, पण बोलते जर्मन. "आई, दा इस्ट येमांड," म्हणजे तिथे कोणीतरी आहे, असं ती ठामपणे सांगायची आणि मावशींच्या दारावरून माझा हात घट्ट धरून पळायची. मी तिला हसायचे. पण ती शांतता मीही ऐकली होती, आणि त्या खोलीत इस्त्री करायचं मी बंद केलं होतं.

सईच्या सातव्या वाढदिवसाच्या आठवड्यात आमच्या दाराशी लिंबू आलं.

सोमवारी सकाळी पायपुसण्याच्या बरोबर मध्यभागी एक पिवळंधमक लिंबू. चिठ्ठी नाही, काही नाही. माझा नवरा निखिल सॉफ्टवेअरमधला, अत्यंत तर्कशुद्ध माणूस. "कुणाच्या तरी पिशवीतून पडलं असणार," असं म्हणून तो त्याला वळसा घालून ऑफिसला गेला. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. "उतारा आहे तो. हात लावू नकोस आणि ओलांडूही नकोस." मग घराबाहेर पडायचं कसं, ते मात्र सांगितलं नाही.

संध्याकाळी निखिलने ते कागदात धरून खाली नेलं. कचऱ्यापाशी पुन्हा पंचाईत. कुणी उतरवून टाकलेलं लिंबू ओल्या कचऱ्यात जातं की इतर कचऱ्यात, हे पालिकेच्या पत्रकात दिलेलं नाही. शेवटी ते ओल्यात गेलं.

मंगळवारी सकाळी तेच लिंबू परत दाराशी. तेच, कारण देठाजवळचा तपकिरी डाग मी ओळखला. स्वच्छ धुतलेलं होतं, आणि शेजारी दुसरं. निखिल त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आज मी घरूनच काम करतो."

त्यानंतर आम्ही कशालाच हात लावला नाही. शुक्रवारपर्यंत दाराशी लिंबांची छोटी रांग झाली. सई झोपताना दिवा चालू ठेवायला लागली.

वाढदिवस रविवारी. दुपारी आजी-आजोबा पुण्याहून स्क्रीनवर येणार आणि सई लिंबाचा केक कापणार, एवढाच घरगुती बेत. दोन आठवडे ती "त्सित्रोनेनकुखेन, त्सित्रोनेनकुखेन" करत घरभर नाचत होती. मी लोणी-साखर फेटली, अंडी घातली, किसणी घेतली आणि दुकानातून आणलेल्या लिंबांच्या जाळीवरचा बारीक मजकूर वाचला. साल खाण्यायोग्य नाही. केकचा सगळा जीव सालीत, आणि रविवारी इथे दुकानं बंद.

सईचे डोळे भरायला लागले. "चल, मावशींकडे लिंबं मागू," मी म्हटलं. दाराशी मांडलेल्या लिंबांना वळसा घालून आम्ही लिंबं मागायला निघालो, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. सई माझा ड्रेस धरून मागे.

मी बेल वाजवली. आत काहीतरी पडलं. मग बराच वेळ काहीच नाही. दार बोटभर उघडलं आणि मावशींचा पांढराफटक चेहरा दिसला.

"तू होय," त्या भिंतीला टेकल्या. "बेल वाजली आणि वाटलं, मी तर घरातच आहे. मग बाहेर कोण?"

मी घाईघाईने लिंबांचं सांगितलं.

"अगं, दाराशी ठेवलीत ना चांगली, फवारणी न केलेली. एक तर तुम्ही कचऱ्यात घालवलंत, मी काढून धुतलं."

"पण सांगायचं तरी!"

"वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो इथे. बेल वाजवली असती तर कशाला आले ते सांगावं लागलं असतं. भिंत पातळ आहे. दोन आठवडे तुमचा केक ऐकतेय मी. गेनाऊ."

मग त्यांनी सूत्रं हातात घेतली. लिंबाचा केक गोल कड्याच्या साच्यातच व्हायला हवा. साचा तळघरात होता, तो आणायला त्या निघाल्या. मी पीठ त्यांच्याच स्वयंपाकघरात आणलं. सई स्टुलावर बसून लिंबं पुसायला लागली, पण तिची नजर दाराकडे होती. दाराच्या आत पुरुषी सपाता ठेवल्या होत्या, टाचा आपल्याकडे आणि टोकं दाराकडे, आत्ताच कोणी दार उघडायला जाणार असल्यासारख्या.

"ह्यांना किल्लीचा आवाज आवडायचा नाही," जाता जाता मावशी म्हणाल्या होत्या. "घरात मी असताना तू किल्ली का लावायची, म्हणायचे. मी बेल वाजवायची, हे उघडायचे."

थोड्या वेळाने बेल वाजली. मला काय करावं सुचेना. सई स्टुलावरून उतरली, सपातांच्या बाजूने गेली आणि दोन्ही हातांनी तिने दार उघडलं.

बाहेर मावशी साचा छातीशी धरून, दाराकडे कान करून उभ्या होत्या. दार उघडेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. तोंडातून सवयीचं तेच निघालं, अगदी हळू.

"आले हं. फार उशीर झाला का?"

सईने हे भिंतीतून रोज ऐकलं होतं. ती मराठीत म्हणाली, "नाही. उशीर नाही झाला."

मावशी गेनाऊ म्हणाल्या नाहीत. त्या उंबऱ्याबाहेर तशाच उभ्या राहिल्या, आणि शेवटी सईनेच त्यांच्या हातातला साचा घेतला.