अकरा तांब्यांचा बर्फ

उदगीर जिल्हा व्हावा म्हणून आमच्या गल्लीत जी कृती समिती स्थापन झाली, तिचा मी मानद चिटणीस. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या गल्लीत ते आठ दिवसांतून एकदा टँकरनं येत होतं. अशा वेळी वरून पत्र आलं, की एक साहेब आमच्याकडे दोन पाहण्या करणार आहेत. सकाळी अकराला टंचाईची पाहणी. ती पटली तर टँकर दिवसाआड. सायंकाळी सहाला जिल्हा होण्याच्या पात्रतेची पाहणी. ती पटली तर बाकी सगळं. दोन्ही फायलींचे साहेब एकच होते, कारण दौऱ्यांमध्ये काटकसर करण्याचे आदेश होते.

अध्यक्ष शेषेराव यांनी तातडीची सभा बोलावली.

"सकाळी लई कोरडं दिसायचं," ते म्हणाले, "आन् संध्याकाळी लई ओलं."

ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यात काही विसंगती आहे असं मला वाटलं नाही. मी तीस वर्षं कचेरीत काढली आहेत.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ड्रायव्हरचा फोन आला. रेस्ट हाऊसला पाणी नसल्यामुळे साहेबांची सायंकाळची सोय माझ्या घरी करायची होती. साहेब सायंकाळी चहा घेत नाहीत, मार्गारिटा घेतात. कृती त्यानं सांगितली, मी टिपून घेतली: टकीला, लिंबाचा रस, संत्र्याची गोड दारू, ग्लासाच्या कडेला मीठ आणि भरपूर बर्फ. "मागच्या गावानं नुसतं सरबत दिलं," तो म्हणाला, "त्या गावाचं काय झालं ते विचारू नका."

टकीला शेषेरावांच्या जावयानं हैदराबादहून आणली. बाटलीवर घायपातासारख्या झाडाचं चित्र होतं.

"घायपाताची दारू?" शेषेराव म्हणाले. "आमच्या बांधावर बी हाय की. शेळीसुदिक तोंड लावत न्हाई."

ही बाटली घरात ठेवायला माझ्याकडे रीतसर परवाना होता. पाण्याचा परवाना मिळत असता तर मी आधी तो काढला असता.

बाकीचं माझ्या पत्नीनं, शिवकांतानं, निभावलं. संत्र्याची दारू उदगिरात कुणी पाहिली नव्हती. तिनं एसटी स्टँडवरच्या संत्र्याच्या गोळ्या आणून बाटलीतल्याच ऐवजात विरघळवल्या. मिठाचं तर तिनं हसण्यावारी नेलं. "अहो, मीठ कशाला? बोरच्या पाण्यानं ग्लास इसळला की आपोआप पांढरी कड येती."

प्रश्न बर्फाचा होता. बर्फाचा कारखाना टंचाईमुळे बंद, आणि बोरला जेमतेम येणाऱ्या खारट पाण्याचा बर्फ साहेबांच्या घशाखाली उतरला नसता. म्हणून समितीनं ठराव केला, की अकरा घरांनी टँकरच्या पाण्यातून प्रत्येकी एक तांब्या स्वेच्छेनं द्यावा. न देणाऱ्याचं नाव इतिवृत्तात येईल.

शेजारच्या कोंडाबाईकडे मी गेलोच नव्हतो. तिची सून बाळंतीण होती. पण तीच तांब्या घेऊन आली.

"राहू दे, मावशी," मी म्हणालो.

"राहू दे कसं? गावात पाव्हणा आला आन् पाणी न्हाई म्हणलं तर गल्लीचं नाक कापलं जाईल. घे, ग्यानबा."

मी घेतला. पावती देण्याची तरतूद नव्हती.

पाहणीच्या सकाळी आम्ही रस्त्याच्या कडेनं रिकाम्या घागरी मांडल्या. कोंडाबाई पुढे झाली. "सून ओली बाळंतीण हाय, साहेब. तीन दिस झाले, लेकराचे बाळुते धुतले न्हाईत." साहेबांनी चष्मा पुसला आणि पहिल्या फायलीत लिहिलं: 'बाळंतीण, एक.' माझ्या घरात वीज गेली तरी गारवा टिकावा म्हणून फ्रीजला गोधडी गुंडाळली होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

सायंकाळी सहाला साहेब माझ्या बैठकीत बसले. शिवकांतानं सगळं मिश्रण लोणच्याच्या स्टीलच्या डब्यात घालून, झाकण लावून, दोन्ही हातांनी खळखळा हलवलं. शोकेसमधला, लग्नात आलेला काचेचा ग्लास बाहेर निघाला. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"फर्स्ट क्लास. हे मीठ कुठलं?"

"लोकल हाय, साहेब," शेषेराव म्हणाले.

साहेबांनी बर्फाच्या बादलीत डोकावून पाहिलं. "बर्फ बराच दिसतो तुमच्याकडे."

"काय कमी न्हाई! जिल्हा करा, ट्रकनं पाठवतो."

मीही मान डोलावली. साहेबांनी पेन काढलं, दोन्ही फायलींत काहीतरी लिहिलं, अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि गेले.

गाडी वळायच्या आत कोंडाबाई दारात. हातात तोच तांब्या. "उरला आसंल तर दे, शिवकांता. बाळुते तरी निघतील."

शिवकांतानं बादलीतल्या बर्फानं तिचा तांब्या काठोकाठ भरला. मला लाज वाटली. इतिवृत्तात लाजेसाठी रकाना नसतो, म्हणून ती इथे नोंदवतो.

महिन्याभरानं दोन्ही अहवाल एकाच पाकिटात आले. टंचाईच्या फायलीत शेरा होता: 'सायंकाळी घरगुती वापरात मुबलक बर्फ आढळला. सबब टंचाई नाही. सध्याचा टँकर बंद करावा.' जिल्ह्याच्या फायलीत होता: 'सकाळी सर्व घागरी रिकाम्या आढळल्या. सबब जिल्हा मुख्यालयास पात्र नाही.' दोन्ही शेरे खरे होते. चूक काढायला कुठेच जागा नव्हती.

आम्ही अपील केलं. फेरपाहणी मंजूर झाली, साहेब तेच. शेषेरावांनी पुन्हा सभा बोलावली. घागरी संध्याकाळीही रिकाम्याच दाखवाव्यात, असं मी मांडलं. कुणी अनुमोदन दिलं नाही. घरी आलेल्या माणसाला रिकामी घागर दाखवायची? ठराव झाला, पुन्हा अकरा तांबे. टँकर आता येत नव्हता. कोंडाबाईनं तिचा तांब्या दोन कोसांवरच्या विहिरीतून भरून, सगळ्यांच्या आधी आणून ठेवला.

तुम्ही आम्हाला हसायला हरकत नाही. फक्त त्याआधी उठून तुमच्या शोकेसपर्यंत जाऊन या. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या त्या सहा ग्लासांतून घरातलं कुणी शेवटचं कधी पाणी प्यायलं, तेवढं आठवा, आणि मग खुशाल हसा.